कृपया पापण्या मिटा

कंपनीच्या व्हॅनमध्ये बातम्या सांगायचं काम मोरूभाऊंकडे होतं. ते त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. सकाळी कर्जतच्या चार फाट्यावरून व्हॅन निघायची, आम्ही सगळे पेंगत असायचो, आणि पुढे एका गावाच्या वळणावर मोरेश्वर ठोंबरे चढले की आमची झोप संपायची. दाराजवळच्या सीटवर बसायचे, डबा मांडीवर घ्यायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवायचे आणि फोन हातभर लांब धरून म्हणायचे, "ऐका रं. आज काय नवीन झालाय ते."

राजकारण नाही, क्रिकेट नाही, खून-दरोडे नाहीत. मोरूभाऊंच्या बातम्या एकाच खात्याच्या. कुठल्या कंपनीनं कसला फोन काढला, कुठल्या अ‍ॅपवर बंदी आली, कुठल्या देशात पोरांना इंटरनेटपासून लांब ठेवणार आहेत, कुणाचे पासवर्ड चोरीला गेले. बातमी दोन ओळींची असायची. त्यावरचं मत मात्र थेट कंपनीपर्यंत, म्हणजे कुंभिवलीपर्यंत पुरायचं.

घडी होणारा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "घडी घालायची वस्तू कापडाचीच बरी. काचेला घडी घातली तर ती उद्या इस्त्री मागंल." मनगटावर बांधायच्या घड्याळाबद्दल म्हणाले, "हृदयाचे ठोके मोजतंय म्हनं. मोजून करतंय काय? ठोके वाढले तर हातात हात घेऊन बसतंय का?" फोनमधलं सॉफ्टवेअर आपोआप बदललं की त्यांचा सकाळभर संताप चालायचा. त्यांच्या मते हे अपडेट म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा, जाताना घरातल्या वस्तू हलवून जातो आणि मग आपण आठवडाभर चमचे शोधत बसतो. आणि विचारलं की उत्तर देणाऱ्या त्या नव्या यंत्रांबद्दल मागच्या सीटवरून कुणीतरी मुद्दाम छेडलं, तेव्हा ते फार गंभीरपणे म्हणाले, "ते माझ्यासारखंच हाय. विचारला की सांगतं. खरा का खोटा, तो पुढचा प्रश्न." मग सगळ्यांकडे बघून त्यांनी नेहमीचं शेपूट जोडलं, "आता हे माझं मत हाय. तुमी घेतलंच पायजे असं नाय."

ती मतं बऱ्याचदा चुकायची. दुकानात चौकोनी चित्रावर फोन धरून पैसे द्यायची पद्धत गावात टिकणार नाही, असं त्यांनी छातीठोक सांगितलं होतं. पुढे रस्त्याच्या कडेला पानाच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या वाडीवरच्या बायकांच्या टोपलीलासुद्धा ते चित्र चिकटवलेलं दिसलं. मोरूभाऊंनी व्हॅन थांबवायला लावून करवंदं घेतली, फोननं पैसे दिले आणि आत येऊन जाहीर केलं, "मी चुकलो. मत बदलायला काय रिचार्ज लागत नाय." 

आमची कंपनी बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवते. मी डिस्पॅचला, मोरूभाऊ स्टोअरला. त्यांच्याकडे खोके, पिशव्या, चिकटपट्ट्या. काम चोख, पण चोख काम करणारे आमच्याकडे पुष्कळ होते. मोरूभाऊ लक्षात राहिले ते त्यांच्या या नादामुळे. त्यांचा स्वतःचा फोन म्हणाल तर जुनाट, कोपऱ्याला तडा गेलेला, तड्यावर स्टोअरमधलीच चिकटपट्टी.

त्या फोनची गोष्ट ते स्वतःच सांगायचे. भाताच्या लावणीला सुट्टी घेऊन ते शेतात उतरले होते. वाकलेले असताना फोन वरच्या खिशातून निसटला आणि चिखलात गेला. ओला फोन तांदळात ठेवावा हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं. त्यांनी तो घरच्या तांदळाच्या डब्यात खोल पुरला आणि घरात कुणी डब्याला हात लावायचा नाही असं बजावलं. नलूवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दोन दिवस शेजारणीकडून तांदूळ मागून आणला. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "फोन भातातच पडला आनि तुमी त्याला भातातच घातला. मग बाहेर काढलाच कशाला?" फोन चालू झाला, पण आवाज कायमचा बसला. मोरूभाऊंचं म्हणणं, तांदूळ जुना असता तर आवाजसुद्धा आला असता. 

आणखी एक खोड होती. कुठलंही अ‍ॅप वापरलं की ते त्याच्याखाली अभिप्राय लिहायचे. मराठीत, सविस्तर, पत्रासारखा. मी काही वाचलेत. हवामानाच्या अ‍ॅपला लिहिलं होतं, "आपण आमच्याकडे पाऊस दाखवता. आमच्याकडे ऊन आहे. आपण कोणाच्या घराच्या खिडकीतून बघता ते कळवावे. बाकी चित्रे चांगली आहेत." टॉर्चच्या अ‍ॅपला लिहिलं होतं, "उजेड चांगला. पण उजेड देण्यासाठी आपल्याला माझ्या फोनमधली नावं कशाला पाहिजेत? रागावू नये." खाली कधीतरी इंग्रजीत छापील आभार यायचे. ते मोरूभाऊ सगळ्यांना दाखवायचे आणि मला म्हणायचे, "बघा ताई, वाचतात. तिकडं पन मानसंच बसल्यात." 

त्यांचा हा विश्वास खरा होता. तिकडे, काचेच्या पलीकडे, कुणीतरी बसलेलं आहे आणि नीट सांगितलं तर त्याला कळेल, असं त्यांना मनापासून वाटायचं.

तर आमच्या गेटवर हजेरीला अंगठ्याचं यंत्र होतं. मशीनवर काम करणाऱ्यांची बोटं भाजून, घासून गुळगुळीत होतात. यंत्र ती ओळखायचं नाही आणि रोज सकाळी गेटवर वाद व्हायचे. हेड ऑफिसनं चेहरा ओळखणारं यंत्र बसवायचं ठरवलं, तेव्हा एचआरच्या किरण मॅडमनी सगळ्या खात्यांची माणसं बोलावून मत विचारलं. किरण मॅडम पनवेलच्या, वयानं लहान, मनानं चांगली मुलगी. कुणी म्हणालं, आमचे फोटो कुठे जाणार? कुणी म्हणालं, दाढी वाढली तर? मग मोरूभाऊ उठले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना रीतसर मत विचारलं होतं. ते म्हणाले, "बोट झिजतं. तोंड कदी झिजतं का? यंत्राला वळखायचाच असंल तर मानसाला तोंडावरनं वळखू दे. त्यात मान हाय." लोक हसले, टाळ्याही वाजल्या, आणि यंत्र आलं.

गेटवर फिरत्या दांड्यापाशी एक पडदा लागला. समोर उभं राहिलं की आपला चेहरा हिरव्या गोलात दिसायचा आणि बाईचा आवाज म्हणायचा, "कृपया पापण्या मिटा." पापण्या मिटून उघडल्या की "धन्यवाद", आणि दांडा सुटायचा. पापण्या कशाला, असं पवारांनी, म्हणजे गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यांनी, विचारलं. मोरूभाऊंनी समजावलं, "कुनी फोटो धरला तर? फोटो पापनी मिटत नाय. जिता मानूस मिटतो."

त्या थंडीत एका सकाळी चहा पिताना चहा त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. त्यांना वाटलं दाढ सुजली. नलूवहिनींनी बघितलं तर अर्धं तोंड खाली ओघळलेलं, डावा डोळा टक्क उघडा. अर्धांगच झालं असं समजून त्यांना पनवेलला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, अर्धांग नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. बरं होईल, पण सावकाश. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना पापणी ओढून वर चिकटपट्टी लावायला सांगितली. कामावर जायला हरकत नाही म्हणाले.

मोरूभाऊ परत व्हॅनमध्ये चढले त्या दिवशी आमच्यातलं कुणी त्यांच्याकडे सरळ बघेना. त्यांनीच सोडवलं. "बघा रं नीट. एक बाजू जुन्या मॉडेलची राह्यलीय." मग फोन काढला आणि बातमी वाचायला लागले. पण ओठ जुळत नव्हते. प, फ, ब, म ही अक्षरं वाऱ्यासारखी निसटून जात होती. ते थांबले आणि मला म्हणाले, "ताई, नेमका फोन हाच शब्द बोलता येत नाय बघा." आम्ही हसलो, कारण ते हसत होते, अर्ध्या तोंडानं.

गेटवर ते माझ्या पुढे होते. पडद्यावर हिरवा गोल आला. बाईचा आवाज म्हणाला, "कृपया पापण्या मिटा." त्यांनी मिटल्या. उजवी मिटली, डावी नाही. "पुन्हा प्रयत्न करा." त्यांनी सगळा चेहरा आवळला. डावा डोळा वर फिरला, पांढरा झाला, पण पापणी खाली आली नाही. "पुन्हा प्रयत्न करा." मागे रांग वाढली. मग त्यांनी बोटानं डावी पापणी खाली ओढली. आवाज म्हणाला, "चेहऱ्यासमोरील अडथळा दूर करा."

मोरूभाऊंनी बोट काढलं. आमच्याकडे वळून बघितलं आणि बाजूला झाले.

पवारांनी त्यांना छोट्या फाटकातून आत घेतलं. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. दोन दिवसांत सुटेल असं सगळ्यांना वाटत होतं. किरण मॅडमनी हेड ऑफिसला कळवलं. हाताने हजेरी टाकायची सोय आधी होती, ती नव्या यंत्राबरोबर काढून टाकली होती, कारण तिच्यातच गैरप्रकार व्हायचे. हेड ऑफिसनं यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला कळवलं. त्यांच्याकडून उत्तर आलं की तक्रारीचं निवारण झालं आहे. मोरूभाऊ गेटवर उभे राहिले. "पुन्हा प्रयत्न करा."

मग त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. हजेरीच्या अ‍ॅपमध्ये मदतीची खिडकी होती, तिथे ते दुपारच्या सुट्टीत टाइप करत बसायचे. "सविनय नमस्कार. माझ्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूस आजार झाला असून पापणी मिटत नाही. मी जिवंत आहे. कृपया उजव्या पापणीवर काम भागवावे." तिकडून क्षणात उत्तर यायचं. पुरेशा उजेडात उभे राहा. चष्मा काढा. कॅमेरा स्वच्छ पुसा. शेवटी प्रश्न, तुमची समस्या सुटली का? हो की नाही? मोरूभाऊ 'नाही' दाबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं, पुरेशा उजेडात उभे राहा.

मी म्हटलं, "मोरूभाऊ, तिकडे माणूस नाहीये हो."

"असंल ताई. ह्याच्या मागं कुटंतरी असंल. यंत्र कंटाळला की मानसाकडं देत असंल."

आम्ही आमच्यापरीनं सगळं करून बघितलं. पापणीला बारीक पारदर्शक पट्टी लावून बघितली. मग ती मिटलेलीच राहिली आणि यंत्र म्हणालं, डोळे उघडा. चेहऱ्याची नोंद नव्यानं करून बघितली; ती करतानाही पापण्या मिटायला लागायच्याच. प्लांटचे साहेब स्वतः फोन लावून बसले. पलीकडून गाणं वाजत राहिलं. साहेबांनी हात वर केले आणि म्हणाले, "ठोंबरे, मी तुम्हाला रोज बघतो. पण माझ्या बघण्याला आता काही अर्थ नाही." ते वाईट वाटूनच बोलले होते, पण ऐकताना भलतंच वाटलं.

आणि एक दिवस जेवायच्या वेळी, कँटीनमध्ये, मोरूभाऊंच्या फोनवर संदेश आला. त्यांनी सवयीनं मोठ्यांदा वाचला. "आपण पूर्वसूचना न देता सलग गैरहजर असल्याने, आपण स्वेच्छेने काम सोडले आहे असे गृहीत धरण्यात येत आहे." त्यांच्या पुढ्यात ताट होतं. अंगावर कंपनीचा निळा शर्ट होता. सकाळपासून त्यांनी माझ्याच गाडीला खोके काढून दिले होते. टेबलावरचे सगळे खो खो हसले. मोरूभाऊही हसले. मग हळूहळू एकेकाचं हसू थांबलं. मोरूभाऊंनी घास उजव्या गालात सरकवला आणि म्हणाले, "मराठी चांगला लिवलंय पन."

त्यानंतर यंत्रानं त्यांचं नाव बंद केलं. पवार त्यांना पाहुण्यांच्या वहीत नोंद करून, गळ्यात पाहुण्याचं कार्ड घालून आत सोडायला लागले. पण सुरक्षेची तपासणी आली आणि पाहुण्यांना स्टोअरमध्ये प्रवेश नाही असं निघालं. मग ते पवारांच्या केबिनमध्ये बसायला लागले. स्टोअरमधली माणसं काही सापडलं नाही की गेटवर येऊन त्यांना विचारून जायची. शेवटी किरण मॅडमनी त्यांना सांगितलं, "काका, यंत्राचं काहीतरी होईपर्यंत तुम्ही घरी थांबा. मीच फोन करते तुम्हाला." सांगताना तीच डोळे पुसायला लागली. मोरूभाऊ तिची समजूत काढत होते. "तुज्या हातात काय हाय गं पोरी. तू रडू नको."

मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. ते ओटीवर आरशासमोर बसून तोंडाचे व्यायाम करत होते. गाल फुगवायचे, ओठ पुढे काढायचे, भुवई वर. आ, ई, ऊ. गाल फुगवला की हवा डावीकडून फुस्स करून जायची. मला बघून त्यांनी आरसा पालथा ठेवला. नलूवहिनींनी चहा दिला. त्या मला अहो-जाहो करायच्या; त्या दिवशी मात्र समोर येऊन बसल्या आणि अगदी बहिणीला विचारावं तसं विचारलं.

"ताई, कंपनीत सगळी वळखतात ना यांना?"

"ओळखतात की."

"साहेब पन?"

"साहेबही."

"मग त्या यंत्राला कुनी सांगत का नाय?"

मी कप बशीत ठेवला. मोरूभाऊ मध्येच म्हणाले, "तसं नसतं गं ते." पण कसं असतं, ते त्यांनीही सांगितलं नाही. एरवी या विषयावर त्यांच्याकडे घटकाभराचं तरी मत निघालं असतं.

पावसाळा सरता सरता पापणी हलायला लागली. मग एके दिवशी मिटलीसुद्धा. त्याच्या दुसऱ्या दिवशी मोरूभाऊ निळा शर्ट इस्त्री करून व्हॅनमध्ये चढले. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी आम्हाला मिटून दाखवली, पुन्हा पुन्हा, लहान मुलासारखी. गेटवर आम्ही सगळ्यांनी त्यांना पुढे केलं. ते पडद्यासमोर ताठ उभे राहिले. "कृपया पापण्या मिटा." त्यांनी मिटल्या. दोन्ही. उघडल्या.

"नोंद सापडली नाही."

पवारांनी मान दुसरीकडे वळवली. मोरूभाऊ क्षणभर तसेच उभे राहिले, पडद्यात स्वतःला बघत. मग त्यांच्या लक्षात आलं की मागे रांग आहे. ते चटकन बाजूला झाले. "जा रं, जा. तुमाला उशीर होतोय." आम्ही एकेक करून पापण्या मिटल्या आणि आत गेलो.

किरण मॅडम तोवर दुसरी नोकरी धरून गेली होती. तिच्या जागी आलेल्या साहेबांनी कागद बघितले आणि सांगितलं, आता नव्यानं भरती व्हावं लागेल, आणि नव्या भरतीला तुमचं वय बसत नाही. ते उद्धटपणे बोलले नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं. मोरूभाऊ पाणी पिऊन उठले. परत जायला आमची व्हॅन संध्याकाळशिवाय नव्हती, म्हणून खालापूरच्या एसटीसाठी चालत गेले. 

व्हॅन पूर्वीसारखीच चालू राहिली. आता ज्यानं त्यानं आपापल्या कानात वायरी घातलेल्या असतात. कुणी कुणाला काही वाचून दाखवत नाही. सुरुवातीला मी त्यांना एखादी बातमी पाठवायचे, अमुक फोन आला, तमुक अ‍ॅप बंद झालं. दोन निळ्या खुणा यायच्या. उत्तर यायचं नाही.

मध्यंतरी माझी धाकटी बहीण नाशिकहून आली, तिला माथेरान बघायचं होतं. वर एका हॉटेलात जेवायला बसलो, तर चादरींची चळत छातीशी धरून एक माणूस पडवीतून गेला. चालण्यावरून ओळखलं. मी हाक मारली. मोरूभाऊ थांबले, वळले, आणि त्यांचा चेहरा उजळला. चेहरा जवळजवळ पहिल्यासारखा झाला होता. फक्त हसले की डावी पापणी आपोआप मिटत होती. अशी नस परत येताना कुठलीतरी तार कुठंतरी जुळते, डॉक्टर म्हणतात असंच राहणार, असं त्यांनी सांगितलं. "आता नको तेवा मिटतीय," म्हणाले. 

हॉटेलात ते चादरी, टॉवेल, साबण यांचं बघत होते. आठवड्यातून एकदा खाली घरी जात. नलूवहिनी बऱ्या होत्या. मी विचारलं, "आणि बातम्या? ते नवीन चष्मे निघालेत म्हणे, डोळ्यांवर लावले की समोरचा माणूस कोण ते सांगतात. काय मत आहे तुमचं?"

त्यांनी चादरींच्या कडा नीट केल्या. "मला काय कळतंय ताई त्यातला," म्हणाले. तक्रार नव्हती त्या आवाजात. कुणी रस्ता विचारावा आणि आपण त्या गावचे नसावं, तसं.

मी विषय बदलला. तेवढ्यात आतून कुणीतरी त्यांना गरम पाण्यासाठी हाक मारली आणि ते गेले. निघताना बहिणीनं आमचा फोटो काढायला फोन पुढे केला. मोरूभाऊ नेमके चादरी घेऊन पायरीवर आले होते; चळत त्यांनी कठड्यावर ठेवली. त्यांनी आमचे फोटो काढले, अगदी मन लावून, उजेड कुठून येतो ते बघून. मग बहीण म्हणाली, "काका, आता तुम्ही या. एक आपला सगळ्यांचा."

"येतो हं," मोरूभाऊ म्हणाले. "येवढ्या चादरी ठेवून येतो."

आम्ही पायरीवर थांबलो. एक घोडा गेला, मग पर्यटकांचा एक घोळका गेला. बहीण फोन धरून उभी होती. बराच वेळ गेला, तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली, आणि आम्ही निघालो.

वळणावर हॉटेलची मागची बाजू दिसते. तिथे दोरीवर चादरी वाळत घातल्या होत्या. त्यांच्या आड, रस्त्याकडे पाठ करून, मोरूभाऊ एकेका चादरीची सुरकुती हातानं काढत होते.